काळं अस्वल, धनुष्यबाण आणि पहिला मोसम: नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

मी मूळचा विदर्भातला, आता बरीच वर्षं उत्तर मिनेसोटात राहतो. धनुष्याने अस्वलाच्या शिकारीला जातो म्हटलं की मराठी मंडळात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक दोन पावलं मागे सरकतात, दुसरी कोपऱ्यात ओढून नेतात आणि हळूच विचारतात, "पहिल्यांदा जायचं तर काय काय लागतं रे?" त्या दुसऱ्यांसाठी हे पान. शिकार करावी की करू नये या वादात मी इथे पडत नाही. जायचं ठरवलंच असेल तर धडधाकट परत कसं यायचं, एवढाच विषय.

अस्वल अंगावर आलं तर?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, म्हणून वरच घेतला. माझ्या मते तो पहिल्या पाचातही बसत नाही.

आपल्या डोक्यातलं अस्वल गावाकडचं असतं. मोहाची फुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाला झुडपाआडून अचानक भिडणारं, तोंड फाडणारं. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल वेगळ्या जातीचं आहे आणि स्वभावानेही वेगळं. माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा ते पळतं किंवा झाडावर चढतं. पिल्लांची आईसुद्धा फुसफुसते, दात वाजवते, खोटी चाल करून येते आणि थांबते.

पण "बहुतेक वेळा" हे शब्द नीट वाचा. अस्वलांचे अभ्यासक स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९०० ते २००९ या काळात रानातल्या काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारल्याची नोंद आहे. त्यातले बहुतेक हल्ले भक्ष्य समजून झालेले, आणि ते करणारे बहुतेक एकटे नर. म्हणजे आरडाओरडा करणाऱ्या आईपेक्षा गुपचूप, नजर न हटवता मागे मागे येणारं अस्वल जास्त वाईट. असं दिसलं तर पळू नका, त्याच्यापुढे तुमचा निभाव लागणार नाही. उभे राहा, मोठे दिसा, ओरडा, अस्वलाला परतवणारा तिखट फवारा (बेअर स्प्रे) हातात घ्या. अंगाला भिडलंच तर मेल्याचं सोंग करू नका. काळ्या अस्वलाशी हाताला लागेल त्याने झुंजायचं, तोंडावर आणि नाकावर मारायचं.

मग खरा धोका कुठे आहे?

मचाणावर. झाडावरून पडणं हे धनुर्धारी शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचं एक नंबरचं कारण. अस्वलाच्या शिकारीला मचाण साधारण १५ ते २० फुटांवर बांधतात. तिथून पडलात तर पाठीचा कणा गेला असं समजा, आणि जवळचा रस्ता मैलभर लांब.

पूर्ण शरीराचा हार्नेस हवा, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या धरणारा. नुसता कमरपट्टा नको. पडल्यावर तो फासळ्यांवर सरकतो आणि श्वास कोंडतो. झाडाच्या बुंध्यापासून मचाणाच्या वरपर्यंत एक सुरक्षा-दोर बांधून ठेवायचा आणि जमिनीवर असतानाच त्याच्या सरकत्या गाठीला स्वतःला अडकवायचं. पडणारे बरेच जण मचाणावर बसलेले नसतात. ते शिडीवरून मचाणावर पाय टाकत असतात किंवा मचाणावरून शिडीवर. वर पोहोचून मग पट्टा लावणं म्हणजे गाडी पार्क केल्यावर सीटबेल्ट लावणं.

माझंच सांगतो. दुसऱ्या मोसमात आदल्या वर्षीचं मचाण तसंच झाडावर होतं. ते झाडाला बांधणारा पट्टा वरून शाबूत दिसत होता. चढलो, एक पाय फळीवर ठेवला आणि फळी डाव्या बाजूने खाली गेली. दोर होता म्हणून हातभर खाली लोंबकळलो, बाकी काही नाही. नंतर पट्टा उतरवून पाहिला तर खोडाकडच्या बाजूने खारींनी कुरतडून त्याची सुतळी केली होती. पुढून बघणाऱ्याला ते दिसण्याची सोयच नाही. तेव्हापासून मोसम संपला की मचाण उतरवतो आणि पट्टे दर वर्षी नवे घेतो. खारी नसल्या तरी ऊन पट्ट्यांना खातं, आणि झाड वाढलं की ते आतून ताणले जातात.

लोंबकळत राहणंही सुखाचं नसतं. मांड्यांवरचे पट्टे रक्त अडवतात आणि काही मिनिटांतच भोवळ यायला लागते. हार्नेसबरोबर पाय ठेवायला एक फासाचा पट्टा मिळतो, तो खिशात हवा. त्यात पाय रोवून उभं राहायचं, पाय हलवत राहायचं, आणि फोन किंवा शिट्टी हाताला लागेल अशा जागी असायला हवी. बॅगेत ठेवलेली शिट्टी मचाणावरच राहते आणि तुम्ही खाली.

धनुष्य हातात घेऊन चढू नका. ते खाली ठेवा, दोरीला बांधा, वर जाऊन स्वतःला बांधून घ्या, मग धनुष्य ओढा. बाण भात्यात आणि भात्याला पात्यांवरचं टोपण.

पात्यांची एवढी भीती कशाला?

कारण ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं टोक, म्हणजे दाढीची पाती त्रिकोणात बसवलेली. ती कापायला अस्वल लागत नाही, तुमची मांडीही चालते. पाती पान्यानेच बसवायची. जखम बांधायला टूर्निके (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) जवळ ठेवा आणि एका हाताने कसं आवळायचं ते घरी सोफ्यावर बसून शिका. मांडीची धमनी कापली गेली तर सूचनापत्रक वाचायला वेळ नसतो.

कार्बनचे बाण दर वेळी तपासा. दोन्ही टोकं धरून बाण कानाजवळ न्या, हलकासा वाकवा, फिरवा, पुन्हा वाकवा. करकर आवाज आला, किंवा बोटाला कुस लागली, तर तो बाण मोडून टाका. चिरलेला बाण सोडताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. आणि बाण न लावता प्रत्यंचा ओढून सोडायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा. सगळा जोर धनुष्यातच राहतो आणि ते हातात फुटू शकतं.

धनुष्य किती पौंडाचं हवं?

पौंड म्हणजे धनुष्याचं वजन नव्हे, ते ओढायला लागणारा जोर. मिनेसोटाच्या नियमात किमान ३० पौंड आहे. तो कायद्याचा आकडा झाला. कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य असेल तर मी नवख्याला ४५ ते ५० सांगेन, बाण जरा वजनदार आणि ब्रॉडहेड न उघडणारं, पक्क्या पात्यांचं. दुकानातला पोरगा ७० पौंडाचं गळ्यात मारू पाहील. त्याला नमस्कार करा. घरी खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ समोर धरून ओढा. ओढता आलं नाही तर ते तुमच्यासाठी जड आहे. तीन तास थंडीत बसल्यावर ते आणखी जड होतं.

सराव त्याच ब्रॉडहेडने करा, उंचावरून करा, हार्नेस घालून करा. खाली नेम धरताना नुसता हात खाली न्यायचा नाही, कमरेतून वाकायचं.

व्हिसावर असताना शिकार करता येते का? परवान्याचं काय?

हा प्रश्न एच-वन बीवाल्यांकडून येतो. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. धनुष्य त्या कायद्यात बंदूक ठरत नाही. म्हणून अनेक जण धनुष्यापासून सुरुवात करतात. राज्याचा परवाना मात्र लागतोच, आणि वन्यजीव कायदा मोडणं हा तुमच्या स्टेटसवर शेकू शकणारा प्रकार आहे.

त्याआधी शिकारी-शिक्षणाचा वर्ग. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा; न्यूयॉर्कमध्ये धनुष्यासाठी वेगळा वर्ग करावा लागतो. सक्ती नसली तरी करा. तिथे बारा वर्षांच्या मुलांशेजारी बसावं लागतं, त्यात लाज नाही. त्यांना आपल्यापेक्षा जास्त येत असतं.

अस्वलाचा परवाना बऱ्याच ठिकाणी सोडतीने मिळतो. विस्कॉन्सिनच्या काही भागांत त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तोवर सराव करा.

आणि हो, भारतात हे करता येईल का असंही एकाने विचारलं होतं. नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि आपलं अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. विषय संपला.

आमिषावर बसणं म्हणजे फसवणूक नाही का? आणि ते धोक्याचं नाही का?

आमिष म्हणजे अस्वलाला बोलवायला ठेवलेलं खाणं. फसवणूक मलाही वाटायची. कोलोरॅडोच्या मतदारांनाही वाटली असावी: १९९२ साली त्यांनी मतदानाने आमिष, कुत्रे आणि वसंतातली शिकार बंद केली. ऑरेगनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६ मध्ये आमिष आणि कुत्रे बंद केले. मेनमध्ये हाच प्रश्न २००४ आणि २०१४ असा दोनदा मतदानाला आला आणि दोन्ही वेळा बंदी नाकारली गेली. म्हणजे तुमच्या राज्यात काय चालतं ते आधी बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता माझं मत. नवख्या धनुर्धाऱ्याला आमिषावरची शिकार जास्त सुरक्षित पडते, कारण अस्वल १५-२० यार्डांवर, उजेडात, बराच वेळ उभं राहतं. मागे पिल्लं आहेत का ते बघायला वेळ मिळतो. अस्वल आलं की घाई करू नका, चार-पाच मिनिटं नुसतं बघा. पिल्लं कधी झाडावर असतात, कधी आईच्या बरीच मागे रेंगाळतात. बहुतेक ठिकाणी पिल्लू मारणं गुन्हा आहे आणि अनेक ठिकाणी पिल्लांबरोबरची मादी मारणंसुद्धा.

धोका आमिष भरायला जाताना आहे. मिनेसोटात ऑगस्टच्या मध्यापासून आमिष ठेवता येतं आणि शिकार सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडते. मधले पंधरा-वीस दिवस तुम्ही बादली घेऊन एका जेवत्या अस्वलाच्या ताटाकडे चालत जात असता. भर दुपारी जा, बोलत जा, बादलीवर टकटक करत जा, फवारा कमरेला. अस्वल तिथेच असेल तर बादली घेऊन परत फिरा. ती त्याच्यासमोर टाकून पळालात तर तुम्ही त्याला एक वाईट धडा शिकवलात.

चॉकलेट टाकू नका. २०१४ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये एका आमिषाच्या जागी चार अस्वलं चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनने मेलेली सापडली होती.

मी वर बसलेला असताना अस्वल त्याच झाडावर चढलं तर?

चढतं. काळं अस्वल झाडावर आपल्यापेक्षा कितीतरी सराईत. बहुधा ते कुतूहलाने येतं, किंवा पिल्लू घाबरून नेमकं तुमचंच झाड निवडतं. लपण्याचा खेळ तिथे संपवायचा. मोठ्याने मराठीत बोला, मी बोलतो, त्याला भाषेचं काही नसतं. हात हलवा, बूट फळीवर आपटा. येतच राहिलं तर फवारा, वाऱ्याकडे बघून. सरळ खाली बाण मारण्याचा मोह टाळा: तो कोन वाईट, आणि जखमी अस्वल तुमच्या पायाखाली.

पिल्लू वर आणि आई खाली अशी वेळ आली तर स्वस्थ बसा, दोघांना निघून जायला वाट द्या. याला कधी कधी तासभर लागतो.

नेम कुठे धरायचा?

अस्वल पूर्ण आडवं उभं असेल किंवा तिरकं होऊन तुमच्यापासून दूर तोंड करून असेल तेव्हाच. समोरून नाही, डोक्यावर नाही, मागून नाही. जवळचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबा, मग त्या पायाच्या किंचित मागे, अंगाच्या उंचीच्या मध्यावर किंवा जरासं खाली. लांब केस आणि चरबी यांनी अस्वलाची आकृती फसवी दिसते. खालचा चार बोटांचा काळा भाग नुसता केसच असतो. बाण आरपार जायला हवा. वरून मारलेला बाण आतच राहिला तर रक्त खाली गळत नाही, केस आणि चरबी ते पिऊन टाकतात, आणि मग तुम्ही अंधारात, दाट झाडीत, जखमी अस्वलाच्या मागे रक्ताचा थेंब नसलेल्या वाटेने निघता. या शिकारीतला अस्वलाकडून असलेला खरा धोका हा असा, आणि तो तुम्हीच तयार केलेला असतो.

म्हणून कोन आवडला नाही तर सोडून द्या. मी पहिल्या मोसमात तीन संध्याकाळी एकच अस्वल बघत बसलो आणि एकही बाण सोडला नाही. घरी कोणी विचारलं नाही, शेजाऱ्याने मात्र पाठ थोपटली.

बाण लागला. आता?

बसा. हात थरथरत असतात, उतरायचं नाही. घड्याळ बघा. अस्वल शेवटचं कोणत्या झाडाजवळ दिसलं ते पाठ करा. मचाणावरून दिसणारी खूण जमिनीवरून वेगळीच दिसते, म्हणून होकायंत्राची दिशा घ्या किंवा फोनवर फोटो काढा. कान द्या. फुप्फुसात लागलं असेल तर कधी कधी लांब, खोल कण्हण्याचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो विसरता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घाव चांगला वाटत असेल तर किमान अर्धा तास. मग उतरून बाण बघायचा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. हिरवट चिकट काही आणि आंबूस वास म्हणजे पोट. तसं असेल तर गुपचूप निघून जा आणि सहा-आठ तासांनी या. सप्टेंबरच्या उबेत मांस खराब होण्याची भीती असते, पण मांसासाठी जखमी अस्वलाच्या पाठी रात्री एकट्याने घुसायचं नाही. माग काढताना दोघे तरी हवेत: एक जमिनीकडे बघतो, दुसरा फक्त पुढे. दोघांच्या अंगात भडक केशरी जाकीट. बाण लावलेलं धनुष्य घेऊन झुडपातून सरपटायचं नाही. पडलात की पातं तुमच्यात.

पडलेलं अस्वल दिसलं तरी मागच्या बाजूने जा. थोडं लांब थांबून छाती हलते का बघा. मग लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर संपलं. डोळे मिटलेले असतील तर अजून जवळ जाऊ नका. मेलेल्या जनावराचे डोळे बहुधा उघडे असतात.

ग्रिझ्ली असलेल्या भागात गेलो तर?

ग्रिझ्ली म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं तपकिरी अस्वल. पहिल्या मोसमात तिथे जाऊ नका. मोंटाना, वायोमिंग, आयडाहोच्या काही भागांत दोन्ही अस्वलं आहेत आणि रंगावरून ओळखता येत नाहीत, कारण "काळं" अस्वल तपकिरी, दालचिनी, अगदी सोनेरीही असतं. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याचा खोलगट उतार, पुढच्या पंजांची लांब नखं या ग्रिझ्लीच्या खुणा. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत ग्रिझ्लीला १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. मोंटानात काळ्या अस्वलाचा परवाना घ्यायला ओळख-परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

फवारा कुठला घ्यायचा?

अस्वलासाठीचा म्हणून नोंदलेला, माणसांसाठीचा छोटा नव्हे. कमरेला किंवा छातीवर, बॅगेत नाही. त्याचा पल्ला जेमतेम ७ ते ९ मीटर. सरावाची रिकामी कुपी मिळते, तिच्यावर टोपण काढायचा सराव करा. विमानात नेता येत नाही, पोहोचल्यावर विकत घ्या. आणि डासांच्या औषधासारखा अंगावर किंवा तंबूवर मारू नका. असं करणारी माणसं खरोखर आहेत.

मांस खाता येतं ना?

येतं, आणि नीट शिजवलेलं अस्वल छान लागतं. पण आत ट्रिचिनेला नावाचे जंत असू शकतात आणि थंड प्रदेशातली त्यांची जात फ्रीझरमध्ये मरत नाही. २०२२ मध्ये साऊथ डकोटात एका कुटुंबाच्या स्नेहमेळाव्यात कॅनडातल्या सॅस्कॅचेवानमधून आणलेल्या काळ्या अस्वलाचे कबाब झाले. मांस ४५ दिवस गोठवलेलं होतं. गडद रंगामुळे ते शिजलं की नाही हे कळलं नाही. सहा जण आजारी पडले, आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या. "मी नुसता रस्सा घेतो" म्हणणाऱ्या शाकाहारी पाहुण्यांना हे सांगा. थर्मामीटर आत खुपसून ७४ अंश सेल्सियस बघायचं, रंगावर जायचं नाही. आपल्या कुकरच्या शिट्ट्या इथे कामाला येतात. कापायचा पाट आणि सुरी वेगळी ठेवा.

अस्वलाचं कातडं आणि चरबी उष्णता धरून ठेवतात. म्हणून फोटो थोडक्यात आटपा, लवकर सोला, पोटात बर्फाच्या पिशव्या भरा. सोलताना हातमोजे.

कातडं किंवा नखं भारतात नेता येतील का?

तो विचार सोडा. काळं अस्वल १९९२ पासून साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा कुठलाही भाग देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. एखादं नख लॉकेटमध्ये घालून बॅगेत टाकलं तरी तेच. पित्ताशय विकत मागणारा कोणी भेटला तर त्याच्याशी बोलणंही वाढवू नका. बहुतेक राज्यांत त्याची विक्री गुन्हा आहे. माझं एकमेव कातडं तळघरात आहे. आई आली की मी त्या खोलीला कुलूप लावतो.